आजीचा हात कोण हलवतं?

दोस्तांनो, वाचायला लागण्याआधी एक छोटंसं काम करा. उजवा हात टेबलावर ठेवा, तळवा खाली. डाव्या हाताची बोटं उजव्या कोपराच्या थोडी खाली, हाताच्या वरच्या बाजूला हलकेच टेकवा. आता मनगट न हलवता उजव्या हाताची बोटं एकेक करून वर उचला.

जाणवलं? त्वचेखाली काहीतरी आवळतंय आणि सैल पडतंय. बोटं हलली तिकडे पुढे आणि वळवळ झाली इकडे कोपराजवळ! बोटं उचलणारे स्नायू बोटांमध्ये नसतातच मुळी. ते कोपराखाली असतात आणि लांबलचक कंडरांनी बोटं ओढतात.

ही जागा लक्षात ठेवा. पक्षाघात झालेल्या माणसाचा हात उघडत नसला, की फिजिओथेरपिस्ट ताई किंवा दादा बरेचदा नेमक्या याच जागी दोन चिकटपट्ट्या लावतात. पट्ट्यांच्या वायरी एका छोट्या मशीनला जोडलेल्या असतात. मशीनचं बटण सावकाश फिरवलं, की गच्च मिटलेली मूठ उघडायला लागते. मनगट वर येतं, बोटं पसरतात. ज्या आजीचा हात कित्येक दिवसांत हललेला नसतो, ती डोळे मोठ्ठे करून स्वतःच्याच हाताकडे बघत राहते.

आता मला सांगा, हात हलला खरा, पण हलवला कुणी? आजीनं की मशीननं?

"मशीननं! त्यात काय विचारायचंय?" असं म्हणालात ना? जरा थांबा. या प्रश्नावर मोठमोठे शास्त्रज्ञ अडीचशे वर्षांहून जास्त काळ डोकं खाजवत आले आहेत. आणि आत्ता कुठे सापडलेलं उत्तर मोठं मजेदार आहे.

अंगावरून वारं गेलं

आपल्या इंदापूर-बारामतीकडे एखाद्याचा हातपाय अचानक लुळा पडला, की घरची माणसं म्हणतात, "अंगावरून वारं गेलं." कुणी लकवा म्हणतं, कुणी अर्धांगवायू किंवा पक्षाघात, तर डॉक्टर स्ट्रोक म्हणतात. आजी सकाळी चांगली ज्वारी पाखडत बसलेली असते. एकदम सूप हातातून निसटतं, तोंड एका बाजूला वाकडं होतं, बोलणं अडखळतं. सगळे तिच्या हाताकडे बघतात, पण बिघाड हातात नसतोच. तो झालेला असतो मेंदूत.

मेंदूचं वजन साधारण १.४ किलो, म्हणजे शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के. पण शरीर वापरतं त्यातला जवळजवळ २० टक्के प्राणवायू हा एकटा मेंदू फस्त करतो! बरं, त्याच्याकडे शिल्लक साठा म्हणाल तर नावालाही नसतो. रक्त सतत वाहत राहिलं, तरच त्याचं काम चालतं. मेंदूतली एखादी रक्तवाहिनी गुठळीनं तुंबली, किंवा कधी फुटली, की तेवढ्या भागातल्या पेशी उपाशी मरायला लागतात. अमेरिकेतले डॉक्टर जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये याचा हिशोब मांडला. मोठी रक्तवाहिनी तुंबली आणि उपचार मिळाले नाहीत, तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात. मेंदूत अशा पेशी एकूण ८६ अब्जांच्या आसपास असतात हे खरं, पण मिनिटाला १९ लाख म्हणजे काही थोडं नुकसान नाही.

आणखी एक गंमत. मेंदूचा डावा अर्धा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो आणि उजवा अर्धा भाग डावी. मेंदूतून खाली येणारे बहुतेक तंतू मानेच्या वर, मेंदूच्या बुडाशी, एकमेकांना ओलांडून पलीकडे जातात. म्हणून आजीचा उजवा हात लुळा पडला, की डॉक्टर तिच्या मेंदूचा डावा भाग तपासतात.

हा आजार शहरातल्या गाडी-बंगलेवाल्यांचा, असं तुम्हाला वाटत असेल, तर गडचिरोलीला चला. तिथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था आहे. मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या ८६ गावांमध्ये कोण कशानं दगावलं याचा शोध घेतला. तो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या गावांत सगळ्यांत जास्त बळी पक्षाघातानं घेतले होते. दर सात मृत्यूंपैकी एक!

म्हणून हे पाठच करून ठेवा. तोंड वाकडं झालं, एक हात किंवा पाय उचलेना, बोलणं अडखळलं, यातलं एक जरी अचानक दिसलं, तरी लगेच १०८ नंबर फिरवायचा. तेल चोळत बसायचं नाही, "उद्या बघू" म्हणायचं नाही. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तवाहिनी तुंबलीय की फुटलीय हे बघावंच लागतं, कारण फुटलेली असताना ते औषध दिलं तर जिवावर बेतू शकतं. बारामतीला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आपल्या गावाहून सीटी स्कॅनची सोय असलेलं सगळ्यांत जवळचं रुग्णालय कोणतं, हे आजच घरच्यांना विचारून ठेवा. आणि आजीला पहिला त्रास किती वाजता झाला, ती वेळ लिहून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.

टेलचं शेत

आजीचा जीव वाचला, ती घरी आली, पण हात मात्र हलत नाही. असं का?

मेंदूच्या वरच्या थरात हालचालींचा एक पट्टा असतो. तिथून निघालेला निरोप हातापर्यंत पोचवायला कमीत कमी दोन पेशी लागतात. पहिली पेशी मेंदूतून निघते आणि मानेतल्या मज्जारज्जूपर्यंत येते. दुसरी पेशी मज्जारज्जूतून निघते आणि थेट हाताच्या स्नायूपर्यंत जाते. मोठ्या माणसात ही दुसरी पेशी अर्ध्या मीटरहूनही लांब असू शकते. एकच पेशी, बरं का!

आता आपला नीरा डावा कालवा डोळ्यांसमोर आणा. वीर धरणाकडून निघतो, बारामती तालुक्यातून पुढे इंदापूर तालुक्यात येतो. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला पाणी म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. समजा, कालवा वर कुठेतरी ढासळला. टेलचं शेत नांगरून तयार आहे, शेतापर्यंतची चारी स्वच्छ आहे, दाराला गंजही चढलेला नाही. तरी शेत कोरडं पडतं. दोष शेताचा नाही, चारीचा नाही. वरची वाट बंद झालीय. पक्षाघातात अगदी हेच होतं. पहिल्या पेशीची वाट तुटते. दुसरी पेशी आणि स्नायू जागच्या जागी ठीकठाक असतात, फक्त त्यांना वरून निरोपच येत नाही.

मशीन काम करतं ते इथे, टेलला. ते दुसऱ्या पेशीच्या तंतूला विजेची हलकीशी टिचकी मारतं. तंतूला वाटतं, निरोप आला! तो स्नायूला कळवतो आणि स्नायू आवळतो. म्हणजे नाव जरी 'स्नायूंना वीज देणं' असलं, तरी वीज आधी जागं करते ती मज्जातंतूला. तंतू स्नायूपेक्षा कितीतरी कमी विजेत जागा होतो.

पोलिओत पक्षाघाताच्या उलट असतं. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या त्या दुसऱ्या पेशीच मारतो. मग टिचकी मारायची कुणाला? म्हणून दोन माणसांचे हात दिसायला सारखेच लुळे असले, तरी दोघांचा उपचार सारखा नसतो. असल्या गोष्टी शास्त्रशुद्ध शिकवणारी भारतातली पहिली फिजिओथेरपीची शाळा मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५३ मध्ये सुरू झाली.

फ्रँकलिनचे निराश पाहुणे

आता जरा मागे जाऊ. साल १७५७. पुण्यात नानासाहेब पेशव्यांचा कारभार होता. तेव्हा सातासमुद्रापार बेंजामिन फ्रँकलिन यांनी एक पत्र लिहिलं. वीज आणि पतंगाच्या गोष्टीतले फ्रँकलिन, तेच हे! त्यांचं नाव ऐकून लांबलांबून पक्षाघाताचे रुग्ण त्यांच्याकडे यायचे. फ्रँकलिन काचेच्या मोठ्या बरण्यांमध्ये वीज साठवायचे आणि लुळ्या हातापायाला तिचे झटके द्यायचे. दिवसातून तीन वेळा!

काय झालं? आधी लुळा हात गरम लागायचा. दुसऱ्या दिवशी रुग्ण म्हणायचा, रात्री हातात टोचल्यासारखं होत होतं. हात थोडा जास्त उचलायला लागायचा. सगळे खूश! पण साधारण पाचव्या दिवसानंतर सुधारणा थांबायची. रुग्ण हिरमुसून घरी जायचे आणि थोड्याच दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. फ्रँकलिन यांनी सगळं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं: कायमचा फायदा झालेला आपल्याला दिसला नाही. जाणत्या वैद्याच्या देखरेखीखाली योग्य उपचारांबरोबर वीज दिली असती तर कदाचित फरक पडला असता, अशी शंकाही त्यांनी नोंदवली.

यानंतर काही वर्षांनी इटलीत लुईजी गॅल्व्हानी यांनी मेलेल्या बेडकाचा पाय विजेनं उडवून दाखवला. १७९१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं आणि सगळीकडे खळबळ उडाली. स्नायूंना हलवणारा निरोप विजेशी संबंधित आहे, हे तेव्हापासून कळायला लागलं. निरोप जातो किती वेगानं? जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्याच मज्जातंतूवर तो मोजला: सेकंदाला साधारण २७ मीटर. तुमच्या हातातले जलद तंतू सेकंदाला ५० ते ६० मीटर वेगानं निरोप नेतात. म्हणजे ताशी १८० किलोमीटरच्या पुढे. पुणे-सोलापूर महामार्गावर एवढ्या वेगानं गाडी हाकली, तर पोलीसकाका थेट पावतीपुस्तकच काढतील!

मशीन आत काय करतं?

घरातल्या बोर्डात २३० व्होल्टची वीज असते. ती अंगाला लागली तर जीव जाऊ शकतो. फिजिओथेरपीच्या मशीनमधली वीज मोजूनमापून दिलेली असते. सेकंदाला साधारण २० ते ५० टिचक्या, आणि प्रत्येक टिचकी सेकंदाच्या दहा हजार भागांपैकी जेमतेम दोन-चार भाग टिकणारी. टिचक्या फार सावकाश आल्या तर स्नायू नुसता थरथरतो. त्या पुरेशा जवळ जवळ आल्या, की त्या थरथरीची एकसलग ओढ होते आणि बोटं नीट उघडतात. आजी म्हणते, "मुंग्या आल्यासारखं होतंय गं."

पण मशीनची एक खोड आहे. आपण स्वतः हात उचलतो, तेव्हा मेंदू आधी बारीक तंतूंना जागं करतो. त्यांचे स्नायुधागे चिवट, सहजासहजी न दमणारे. जास्त जोर लागला तरच जाड तंतूंची पाळी. मशीनला हे कुठलं कळायला? विजेला जाड तंतू आधी जागे होतात, आणि सगळे एकदम! म्हणून मशीननं हलवलेला हात लवकर दमतो. हे लक्षात आलं, की नुसतं तासन् तास मशीन लावून ठेवण्यात अर्थ नाही, हेही कळतं.

टाचेखालचं बटण

१९६१ साली अमेरिकेत व्लादिमिर लिबरसन या डॉक्टरांनी एक नामी युक्ती काढली. पक्षाघातानंतर बऱ्याच जणांचा पाय चालताना पुढून लोंबतो, चवडा जमिनीला घासतो आणि माणूस ठेचकाळतो. लिबरसन यांनी रुग्णाच्या बुटात टाचेखाली एक बटण बसवलं. टाच उचलली की बटण सुटायचं आणि गुडघ्याजवळच्या मज्जातंतूला वीज मिळायची. चवडा आपोआप वर! टाच टेकली की वीज बंद. पाऊल उचल, वीज. पाऊल टेक, बंद. माणूस न ठेचकाळता चालायला लागला.

इथपर्यंत सगळं ठीक. पण पुढे जे दिसलं, त्यानं लिबरसनही चक्रावले. काही रुग्ण मशीन काढल्यानंतरही थोडा वेळ आपला चवडा स्वतःच उचलू शकत होते! मशीन बंद, वीज नाही, तरी पाय उचलतोय. वीज तर पायाला दिली होती. मग हे शिकलं कोण? पाय की मेंदू?

आणि फ्रँकलिनच्या रुग्णांना जे जमलं नाही, ते यांना कसं जमलं? दोघांमधला फरक शोधा बरं. फ्रँकलिनचे रुग्ण नुसते बसून झटके घेत होते. लिबरसनचे रुग्ण स्वतः चालत होते. पाय उचलायचं त्यांच्या मनात यायचं आणि नेमक्या त्याच क्षणी वीज यायची.

वेळ साधायला हवी

कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये एक विचार मांडला होता. एका मेंदूपेशीनं दुसरीला पुन्हा पुन्हा जागं केलं, तर त्या दोघींमधला सांधा पक्का होत जातो. तुम्ही सायकल शिकलात, पाढे पाठ केलेत, कुलपाचा आकडा लक्षात ठेवलात, ते सगळं अशाच पक्क्या झालेल्या सांध्यांच्या जोरावर.

२००३ मध्ये ब्रिटनच्या डेव्हिड रश्टन यांनी हाच विचार मशीनला लावून पाहिला. ते म्हणाले, मशीननं तंतूला टिचकी मारली, की निरोप दोन्हीकडे धावतो. एक खाली स्नायूकडे, दुसरा उलटा वर, मज्जारज्जूतल्या त्या दुसऱ्या पेशीकडे. त्याच वेळी रुग्ण मनापासून हात हलवायचा प्रयत्न करत असेल, तर मेंदूकडून वाचलेल्या थोड्याफार तंतूंमधून एक क्षीण निरोप खाली येत असतो. दोन्ही निरोप एकाच पेशीपाशी एकाच वेळी पोचले, तर तिथला सांधा पक्का होईल. नुसती वीज आली आणि रुग्ण टीव्ही बघत बसला, तर वरून काहीच आलेलं नसतं. मग सांधा कसला जुळणार?

कालव्याच्या भाषेत सांगायचं, तर मुख्य कालवा ढासळला तरी जुन्या, गवत माजलेल्या चाऱ्या असतातच. वरून थोडं पाणी सुटलं आणि त्याच वेळी खालचं दार उघडं असलं, तर पाणी झिरपत झिरपत वाट मोकळी करतं. दार उघडलं सोमवारी आणि पाणी सुटलं गुरुवारी, तर शेत कोरडं ते कोरडंच.

आणि एक तिसरा निरोपही असतो. हात हलला, की स्नायू आणि हाडांच्या सांध्यांमधले संवेदक मेंदूला कळवतात: हललो बरं का! आजीनं मनात आणलं, हात हलला, हललेला तिला जाणवला आणि दिसला. हे सगळं एकापाठोपाठ एक झालं, की मेंदूला खात्री पटते: ही वाट चालते, हिचीच डागडुजी करू या.

मनातलं ओळखणारं मशीन

पण आजीनं खरंच मनात आणलं की नाही, हे मशीनला कसं कळणार?

१९२४ मध्ये जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी माणसाच्या डोक्यावर तारा लावून मेंदूतल्या विजेच्या बारीक लाटा पहिल्यांदा टिपल्या. त्यालाच आपण ईईजी म्हणतो. हात स्वस्थ असताना हालचालींच्या पट्ट्यावर सेकंदाला साधारण ८ ते १३ वेळा वरखाली होणाऱ्या लाटा दिसतात. आपण हात हलवायचं नुसतं मनात आणलं, तरी त्या लाटा लहान होतात. हात हलला नाही तरी! म्हणजे मनात आणलं की नाही, हे डोक्यावरच्या टोपीतून ओळखता येतं.

स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात शास्त्रज्ञांनी याचा फायदा घेतला. पक्षाघात होऊन बरेच महिने उलटलेल्या २७ जणांना त्यांनी बोलावलं. सगळ्यांच्या डोक्यावर ईईजीची टोपी, सगळ्यांच्या हातावर पट्ट्या. लेखाच्या सुरुवातीला तुम्ही जी जागा चाचपून पाहिलीत ना, तिथेच. सगळ्यांना सांगितलं, "हात उघडायचा प्रयत्न करा." मात्र त्यांचे दोन गट केले होते. पहिल्या गटात मेंदूच्या लाटांनी "हो, प्रयत्न चाललाय" असं सांगितलं, तरच वीज सुटायची. दुसऱ्या गटालाही वीज मिळायची, पण ती मेंदूतल्या लाटांशी जुळवलेली नव्हती. वीज तीच, पट्ट्या त्याच, व्यायाम तोच. फरक फक्त वेळ साधण्याचा.

२०१८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. वेळ साधलेल्या गटाचे हात स्पष्टपणे जास्त सुधारले होते. आणि सहा महिन्यांनी पाहिलं, तरी ती सुधारणा टिकून होती! फ्रँकलिनचे रुग्ण पाचव्या दिवशीच अडकले होते, आठवतं ना? शिवाय या गटाच्या मेंदूत, दुखावलेल्या बाजूला, हालचालींच्या भागांमधली जोडणी वाढलेली दिसली.

जोडणी म्हणजे काय, हे शोधण्यात भरत बिस्वाल या शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. १९९५ मध्ये ते अमेरिकेत विद्यार्थी होते. एमआरआय मशीनमध्ये माणूस काहीही न करता नुसता पडून असताना त्यांनी मेंदू तपासला. तर काय, डाव्या आणि उजव्या बाजूचे हालचालींचे पट्टे एकाच लयीत कमी-जास्त होत होते. हात हलत नसतानाही दोघांचं आपापसांत काहीतरी चाललेलंच! पक्षाघातानंतर ही लय बिघडते आणि हात सुधारत गेला की पुन्हा जुळायला लागते, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं. म्हणजे हाताचं दुखणं बघायला आता मेंदूतल्या जोडण्याही बघाव्या लागतात.

आपल्याकडेही असे प्रयोग चालले आहेत. कानपूरच्या आयआयटीत प्रा. आशिष दत्ता यांच्या गटानं मेंदूच्या लाटा ओळखून पक्षाघातग्रस्ताची मूठ उघडमीट करणारा यांत्रिक हात बनवला आहे. तिथे विजेच्या टिचकीऐवजी यंत्राचा जोर असतो, पण तत्त्व तेच: आधी मनात आणा, मग मशीन साथ देईल.

एक सांगून ठेवतो. २७ माणसं म्हणजे फार मोठी संख्या नाही. अजून पुष्कळ माणसांवर तपासून बघावं लागेल. शिवाय कुणाला किती फायदा होईल, हे मेंदूचा कोणता भाग किती दुखावलाय यावरही अवलंबून असतं.

तुमचं काम

तुमच्या किंवा शेजारच्या घरी फिजिओथेरपिस्ट येत असतील, तर ईईजीची टोपी काही तिथे नसणार. पण आजीच्या मनात यावं आणि त्याच क्षणी वीज यावी, यासाठी तुमच्यासारख्या पोराटोरांची मदत होऊ शकते. फिजिओथेरपिस्टना विचारून हे करा.

मशीन सुरू होण्याआधी आजीला आठवण करा: "आजी, हाताकडे बघ. आता मूठ उघडायची हं!" टीव्ही बंद करा. टिचक्या चालू असताना "उघड, उघड, अजून!" म्हणा आणि थांबल्या की तिला सुटकेचा श्वास घेऊ द्या. मधल्या वेळात आजीनं मशीनशिवायही प्रयत्न करायचा. बोट दोन दोरे हललं तरी वहीत तारीख घालून लिहून ठेवा. आजी कंटाळली, रडवेली झाली, तर थांबा आणि तिच्याशी गप्पा मारा. पालखी इंदापुरात आल्यावर रिंगणात घोडे कसे सुटतात, ते तिच्याइतकं रंगवून तुम्हाला कोण सांगणार? पक्षाघातात बोलणं अडखळलं असेल, तर अशा गप्पा हासुद्धा व्यायामच असतो. फक्त तिचं वाक्य तुम्ही घाईनं पुरं करू नका.

आणि हे कधीही करायचं नाही: मशीनचं बटण स्वतः फिरवायचं नाही. पट्ट्या गळ्यावर किंवा छातीवर लावायच्या नाहीत. "आपण पण करंट घेऊन बघू" म्हणून स्वतःला लावून घ्यायच्या नाहीत. घरातल्या बोर्डाची वीज, बॅटरीला जोडलेल्या वायरी, शेतातल्या मोटरीचा स्टार्टर, यांचे प्रयोग अंगावर मुळीच करायचे नाहीत. छातीत पेसमेकर बसवलेल्यांना किंवा फिट येणाऱ्यांना हा उपचार द्यायचा की नाही, ते डॉक्टरच ठरवतात.

मग हात कोण हलवतं? पहिल्या दिवशी बहुतेक मशीनच. पण आजीनं दर वेळी मनापासून जोर लावला, तर मशीनचा वाटा हळूहळू कमी होऊ शकतो आणि तिचा वाढू शकतो. फिजिओथेरपिस्टना हवं असतं तेही हेच, की मशीन एक दिवस कपाटात जावं.

करून पाहा

१. मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांगा. शून्याचा आकडा तुमच्या अंगठा आणि बोटाच्या मधोमध हवा. त्यानं न सांगता पट्टी सोडायची, तुम्ही पकडायची. १५ सेंटिमीटरवर पकडलीत, तर सुमारे ०.१७ सेकंद लागले. २० वर पकडलीत, तर ०.२० सेकंद. तेवढ्या वेळात डोळ्यांचा निरोप मेंदूला गेला, मेंदूनं ठरवलं आणि हाताला हुकूम आला.

२. खुर्चीवर बसा. उजवा पाय जरा उचलून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं गोल गोल फिरवा. तो थांबू न देता उजव्या हाताच्या बोटानं हवेत आकाशगंगेएवढा मोठ्ठा 6 हा इंग्रजी आकडा काढा. पायानं दिशा बदलली ना? उजवा हात आणि उजवा पाय, दोघांचाही हुकूम मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागातून सुटतो, म्हणून गोंधळ उडतो. आता तोच आकडा डाव्या हातानं काढा. बऱ्याच जणांना हे सोपं जातं.

दुसरा प्रयोग आठवडाभर रोज दहा वेळा करा. पाय न बिघडता किती वेळा जमलं, ते रोज लिहा आणि सात दिवसांचे आकडे शेजारी शेजारी मांडा. घरातल्या एखाद्या मोठ्या माणसालाही स्पर्धेत घ्या. मग बघा, कुणाचा मेंदू लवकर शिकतो, तुमचा की त्यांचा!